रीटेकमामा

आमच्या निपाणीत लग्न ठरलं की आधी कार्यालय बघायचं, मग आचारी, आणि मग मामांना गाठायचं. मामा म्हणजे शूटिंगवाले. त्यांच्या शूटिंगात नवरानवरी एकमेकांना हार तीनदा घालायची. एकदा लांबून, सगळा मांडव दिसेल असा. एकदा नवरीच्या चेहऱ्यावर. आणि एकदा नवऱ्याच्या. "त्याचं थोबाड कोण बघतंय, पण पैसे त्याचा बा देतोय की," हे मामांचं शास्त्र.

कॅमेरा एकच. व्हीएचएसच्या काळात तो खांद्यावर बसायचा, त्यामुळे मामांचा उजवा खांदा दोन बोटं खाली गेलाय आणि डावा डोळा अजून मिटलेलाच असतो. भाजीसुद्धा ते एका डोळ्यानं घेतात.

माझ्या लग्नात शेवटच्या मंगलाष्टकेला हॅलोजन गेला. मामांनी अंतरपाट पुन्हा धरायला लावला. भटजी म्हणाले, "अहो, मुहूर्त टळला!" मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मिक्सिंगला जुळवतो." पुढं घास भरवताना रीटेक झाला, तर आधीच्या शॉटात जिलेबी अर्धी होती, म्हणून नवी आणून तीही अर्धी करणं आलं. काढलेली अर्धी दर वेळी मामाच खात. अशा पाच जिलेब्या गेल्या. पण कॅसेट बघताना जिलेबी कुठं वाढली-घटली असेल तर शपथ!

त्यांचा आणखी एक नियम होता. नवरानवरीच्या मधून एक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. पलीकडं गेलात की उजवीकडं बघणारी नवरी डावीकडं बघू लागते आणि दोघं एकमेकांवर रुसल्यासारखी दिसतात. रेष ओलांडली की तीच माणसं उलटी दिसतात, हे आमच्या सीमाभागाला १ नोव्हेंबर १९५६ पासून कुणी शिकवावं लागत नाही.

मग त्यांचा भाचा पुण्याला कोर्स करून आला. त्यानं तीन कॅमेरे आणले, वर एक मिक्सर. तो मांडवामागं बसून बटणं दाबणार, हार एकदाच घातला जाणार, आणि तिन्ही बाजूंनी मिळणार.

"मामा, अमेरिकेत १९५१ साली 'आय लव्ह ल्युसी' ही मालिका तीन कॅमेऱ्यांवर फिल्मवर काढली, समोर प्रेक्षक बसवून. कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड. त्यानंच आधी 'मेट्रोपोलिस' केलेला."

"आणि उजेड?"

भाचा गप्प झाला. मामांनी बरोबर दुखरी नस धरली होती. एका कॅमेऱ्याला प्रत्येक शॉटचा उजेड वेगळा लावता येतो. तिघांना एकदम चालायचा तर सगळीकडं सारखाच ओतावा लागतो. "म्हंजे नवरी आन् आचारी एकाच उजेडात," मामा म्हणाले. "कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सोताच्या हातानं कॅमेरा घडवला. तीन घडवले का?"

भाच्याची बाजू मला पटत होती. हार घालताना नवरी लाजते ती पहिल्यांदाच. तिसऱ्या वेळी ती फक्त दमलेली असते. हे मी मामांना एकदाच बोललो. नंतर वर्षभर आमच्या घरच्या बारशा-मुंजींत मला फ्रेमच्या बाहेर ठेवलं गेलं.

शेवटी मामांच्या मुलीचं लग्न बेळगावात झालं. शूटिंग भाच्याचं. मामा फेटा बांधून हात मोकळे टाकून उभे. त्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. हार एकदाच पडला. दोन नंबरच्या कॅमेऱ्यात तीन नंबरचा कॅमेरावाला आला, तेव्हा मात्र मामांनी मला कोपरानं ढोसलं.

पाठवणीला मुलगी गळ्यात पडून रडली, गाडीत बसली, गाडी हलली. मामा एकदम पुढं झाले. "थांबवा! गाडी मागं घ्या. फोकस गेला!"

तिन्ही कॅमेरावाले एकमेकांकडं बघायला लागले. तिघांचाही फोकस जाग्यावर होता. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली. मुलगी उतरली, नाक पुसलं आणि विचारलं, "बाबा, मघाशी मान डाव्या खांद्यावर होती की उजव्या?"