वर्कलोडचा उपास

पिढीतून एखादाच निपजतो असा गोलंदाज हाती लागला, की संघ व्यवस्थापनाची झोप उडते. खेळवावा तर पाठ धरतो, बसवावा तर लोक धारेवर धरतात. आपल्या क्रिकेट मंडळाने यावर रामबाण तोडगा काढला आहे. आधी पाठ धरेपर्यंत खेळवायचं, मग जपणुकीचं वेळापत्रक जाहीर करायचं.

२०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जसप्रीत बुमराने दीडशेच्या वर षटकं टाकली आणि ३२ बळी घेतले. पर्थ आणि सिडनीत कर्णधारपदही त्याच्याच गळ्यात. अखेर सिडनीत पाठीने संप पुकारला. ऑस्ट्रेलियाने १६२ धावा काढून सामना आणि मालिका खिशात घातली, तेव्हा त्याला एकही चेंडू टाकता आला नाही. याच पाठीवर २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली होती. बहुधा ती फाइल तेव्हा दुसऱ्या टेबलावर असावी.

मग सगळ्यांना साक्षात्कार झाला. पुढच्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळणार! तेही आगाऊ जाहीर. यजमानांची गैरसोय नको. त्याआधी एप्रिलपासून १ जूनपर्यंत तो आयपीएल खेळत होता म्हणा, पण ती षटकं हिशेबात येत नाहीत. उपासाला साबुदाणा चालतो, तशी ती वर्कलोडला चालतात. कितीही वाढून घ्या.

लीड्सला हरलो. पुढे आठवडाभर सुट्टी. त्या सुट्टीनंतर एजबॅस्टनला बुमराला विश्रांती! लॉर्ड्सच्या खेळपट्टीत जास्त जीव असेल, त्याला तिथे वापरू, असं कर्णधार गिलने नाणेफेकीच्या वेळी सांगितलं. बुमराच्या जागी आलेल्या आकाश दीपने दहा बळी घेतले आणि आपण ३३६ धावांनी जिंकलो. कट्ट्याकट्ट्यावर लगेच सिद्धांत निघाला, की बुमरा नसला की जिंकतो. ओव्हलवरही तो नव्हता आणि तिथेही ६ धावांनी जिंकलो, म्हटल्यावर सिद्धांताला शास्त्राचा दर्जा मिळाला.

लॉर्ड्सला मात्र गंमत झाली. बुमराने पहिल्या डावात पाच गडी बाद केले, म्हणजे ठरल्याप्रमाणे त्याला 'वापरून' झालं. जिंकायला १९३ धावा हव्या होत्या आणि शेवटच्या दिवशी ११२वर आठ फलंदाज परतले. आता मैदानात कोण? तीच पाठ. ज्या पाठीसाठी चेंडू मोजले जात होते, ती आर्चर आणि स्टोक्सच्या आखूड चेंडूंखाली ५४ चेंडू वाकत राहिली. धावा पाच. आपण २२ धावांनी हरलो. फलंदाजीचा वर्कलोड कोणत्या रकान्यात भरतात, हे कुणीच सांगितलं नाही. वरच्या फळीने धावा करणं हाही वर्कलोड मॅनेजमेंटचाच भाग आहे, असं एखाद्या बैठकीत सुचवून बघायला हरकत नाही.

आणि मोहम्मद सिराज? पाचही कसोटी, १८५.३ षटकं, २३ बळी, आणि ओव्हलवर शेवटच्या सकाळी अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा. त्याच्या वर्कलोडवर एकही पत्रकार परिषद झाली नाही. त्याला देवाने पाठ दिलेलीच नसावी.

बुमराचं दुखणं खरं आहे, त्याला जपायलाच हवं. पण एका हंगामाला चिकटून दुसरा हंगाम लावणारं वेळापत्रक वानखेडेवरच्या ज्या कार्यालयातून निघतं, त्याच वेळापत्रकापासून खेळाडूला वाचवायची योजनाही तिथूनच निघते. दोन्ही कामं चोख होतात. फक्त दोन्ही टेबलांवरची माणसं जेवायच्या सुट्टीत भेटत नाहीत.

इंग्लंडमध्ये शिलकीत टाकलेली पाठ सप्टेंबरमध्ये आशिया चषकात कामी आली. पहिलाच सामना संयुक्त अरब अमिरातीशी. बुमरा संघात होता. त्यांचा डाव ५७ धावांत आटोपला. जोखीम नको, असा विचार झाला असणार.