चतुश्चक्र समभाव

सोलापूरच्या ज्या गृहस्थाने आपल्या कौटुंबिक मोटारीस ‘एस’ म्हणजे ताशी 180 किलोमीटरचा, ‘टी’ म्हणजे 190चा, ‘एच’ म्हणजे 210चा आणि ‘व्ही’ म्हणजे 240चा असे चार टायर, जो स्वस्तात हाती लागला तो, बसविले, त्याच्या समदृष्टीचा मुलाहिजा राखणे आम्ही कर्तव्य समजतो. चौघांत सर्वांत मंदाचाच अंमल चालावा, हा टायरशास्त्राचा दंडक एकत्र कुटुंबास अपरिचित नाही. ओल्या वळणावर चौघांत मतभेद उद्भवलाच, तर तो लोकशाहीचा आविष्कार मानावा. आमचा अर्ज इतकाच, की स्टिअरिंगही प्रत्येक प्रवाशास स्वतंत्र मिळावे. तुळजापुरास निघताना चाकांखाली ठेवावयाची चार लिंबे मात्र त्याने मंगळवार पेठेत तासभर पारखून, अगदी एकाच मापाची घेतली.