किलोने दिला, नगाने घेतला

रे रोडच्या एका वर्कशॉपात मागे कार्यक्षमता आली. टाय लावून आली. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी सांगितलेले सात अपव्यय भिंतीवर चिकटले, आणि पहिली कुऱ्हाड पडली मिस्त्रीकाकांच्या डालड्याच्या डब्यांवर. वायसर, नटबोल्ट, अर्ध्या झिजलेल्या कानशी. "सहा महिने हात लागला नाही, म्हणजे कचरा," साहेब म्हणाले. लाल चिठ्ठी लागली, हातगाडी भरली, माल किलोवर दारूखान्यात गेला. (ओठ ओलावू नका, नावातली दारू तोफेची.) तिथं अख्खी जहाजं तोडून खिळा न् खिळा विकला गेला, जपानी शिकवणी कुणी लावली नव्हती.

पंधरवड्यात जुन्या लेथचा बोल्ट तुटला. आटे विटवर्थचे, इंग्रजी मापाचे, नवा मिळेना. पोऱ्या दारूखान्यात धावला आणि आपलाच बोल्ट घेऊन आला, काकांनी डोक्यावर लावलेल्या पिवळ्या रंगासकट. दिला होता किलोने, घेतला नगाने. लेथ दीड दिवस बंद. पण 'वाट पाहणे' हा अपव्यय तक्त्यात सुवाच्य अक्षरात नोंदला गेला.

काकांनी बोल्ट आवळला. तुटका तुकडा फडक्याने पुसला, इकडंतिकडं बघितलं आणि जेवणाच्या डब्यात टाकला.