रात्रीच्या निवांत हवेस

वारा पडला की जिचं राज्य सुरू होतं अशा हवे,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार घालायची रीत आहे. तुला तो घालवत नाही. तू चोर आहेस, आणि आरोप तोंडावर करावा म्हणून हे पत्र.

ब्राझीलमध्ये सान्तारेमजवळ तापाजोसचं जंगल आहे. तिथे झाडांच्या शेंड्यांवरून डोकावणारे टॉवर उभारले. अशा टॉवरवरचं एक यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा वाऱ्याची वरखाली मोजतं, शेजारचं दुसरं यंत्र हवेतला कार्बन डायऑक्साइड. दोन्हींची सांगड घातली की जंगलाने किती घेतला, किती सोडला ते कळतं. दिवसा उन्हाने हवा घुसळून निघते, हिशेब लागतो. रात्री पानं, मुळं, मातीतले जीवाणू, कुजणारे ओंडके वायू सोडतच असतात. तू मात्र ढिम्म. तो वायू झाडांखाली कोंडतेस, नाहीतर उतारावरून ओघळत घेऊन जातेस. टॉवरच्या नोंदीत जवळपास शून्य. दिवसाची जमा पुरती लिहिली जाते, रात्रीचा खर्च गायब.

यंत्रांच्या बारीकसारीक चुकांवर माझा राग नाही. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या हाउलंडच्या जंगलात दोन टॉवरच्या नोंदी ताडून हॉलिंजर आणि रिचर्डसन या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवलं की वायूचा प्रवाह मोठा तशी चूकही मोठी. पण ती कधी इकडे, कधी तिकडे पडते. वर्षभरात अर्ध्या तासाच्या १७,५२० नोंदी. सरासरीत ती बरीचशी विरते. तुझी चूक रोज एकाच बाजूला पडते. दहा वर्षं मोजलं तरी ती विरत नाही, साचते.

तापाजोसला तुझ्या रात्री गाळल्या आणि वारा असलेल्या रात्रींवरून ती भोकं भरली, तेव्हा भरपूर कार्बन शोषणारं दिसलेलं जंगल उलट थोडा सोडणारं निघालं. जंगल तेच, झाडं तीच, चिन्ह उलटं! शिवाय किती मंद वाऱ्याची रात्र गाळायची ती सीमा माणसानेच ठरवायची. ती सरकली की आकडाही सरकतो.

असे टॉवर ऊर्जेचाही जमाखर्च मांडतात; त्यातही तूट आहे. २००२ साली २२ ठिकाणांच्या नोंदी तपासल्या, तर उपलब्ध ऊर्जेपैकी सरासरी वीसेक टक्के हिशेबात सापडेनात. ती सगळी तुझ्या माथी मारत नाही, दिवसाही ती भरून निघत नाही. पण तू पसरतेस तेव्हा ती सर्वांत वाईट असते.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचा असाच टॉवर काझीरंग्यात आहे. तिथेही रात्री वारा पडतोच.

तुला सुधारता येणार नाही, हे ठाऊक आहे. खरा संताप तुझ्या चोरीवर पांघरूण घालणाऱ्यांचा येतो. जंगलाने अमुक टन कार्बन शोषला असं दशांशासकट छापतात आणि अधिक-उणे किती, ते गिळून टाकतात. त्या टनांवर सौदे होतात. म्हणून हे पत्र त्यांनीही वाचावं: किती रात्री गाळल्या, वाऱ्याची सीमा कुठे धरली, ती हलवली तर आकडा कुठून कुठे जातो, हे आकड्याच्या शेजारी, त्याच ओळीत आणि तेवढ्याच ठळक अक्षरात छापा. तोवर तुमचा आकडा मी मानणार नाही.