शनिवारचा विश्वकर्मा

लोणावळा, तुंगार्ली, कामशेत किंवा पवना धरणाचा काठ यांपैकी कोठेतरी ज्याचा बंगला अथवा निदान कुंपण घातलेला प्लॉट आहे, जो शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गाने येतो व रविवारी संध्याकाळी घाटातील कोंडीला नावे ठेवीत परततो, आणि मधल्या वेळात आपल्या हातून बागकाम व सुतारकाम होणार आहे अशी ज्याची पक्की समजूत असते, अशा गृहस्थास ‘शनिवारचा विश्वकर्मा’ म्हणावे. काम निघाले म्हणून तो हत्यार घेत नाही, तर हत्यार घेतल्यावर काम शोधू लागतो, हे त्याचे मुख्य लक्षण होय.

मुंबईहून जड सरंजाम घेऊन घाट चढण्याची रीत मावळास नवी नाही. राघोबादादांना पुण्यास गादीवर बसविण्यासाठी निघालेली इंग्रज फौज १७७९ च्या जानेवारीत तोफा व हजारो बैलांसह तळेगावापर्यंत पोहोचली, आणि माघार घेताना जड तोफा तेथील तळ्यात लोटून वडगावास तह करून मोकळी झाली. विश्वकर्म्यावर अशी पाळी येत नाही, कारण त्याने मागच्या अंगणात शेड बांधलेली असते.

खरेदीसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्याची बोहरी आळी त्याला तोंडपाठ असते. तथापि दुकानात तो हत्यार हातात धरून पाहण्याऐवजी खोक्यावरचे आकडे वाचतो. त्यातही वॅटवर त्याची विशेष भक्ती असते. वस्तुतः हा आकडा यंत्र किती वीज खाते एवढेच सांगतो, किती काम करते हे सांगत नाही. खाण्यावरून कर्तृत्व ठरत नाही हे त्याला जावयाच्या बाबतीत उमगलेले असते, ड्रिलच्या बाबतीत नसते. पुढे हेच जबर ड्रिल तो बारीक तारेच्या लांबलचक एक्स्टेन्शनला जोडतो, तारेतच दाब उतरतो, मोटर कण्हू लागते, आणि खापर वीजमंडळावर फुटते.

सुतारी हत्यारांत पटाशीचा, म्हणजे लाकूड तासून खाच पाडण्याच्या सपाट पात्याच्या हत्याराचा, सहा नगांचा संच त्याच्याकडे हटकून असतो. नवी पटाशी पाठीकडून दगडावर घासून सपाट केल्यावाचून व पुढील उतार साधारण २५ अंशांवर लावल्यावाचून कामाची नसते, ही गोष्ट खोक्यावर छापलेली नसल्यामुळे त्याच्या कानी आलेली नसते. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेलाचा हात न फिरवलेले पोलाद श्रावण संपण्यापूर्वीच तांबेरते, आणि गणपतीत मखर करावयास घेतल्यावर संचातील सहाही पटाश्या डबे उघडण्यास तेवढ्या उपयोगी पडतात.

या साऱ्या वैभवाचा कळस म्हणजे चेनसॉ, अर्थात पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. तिचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे ज्याच्या पेट्रोलातच ठरावीक प्रमाणात ऑइल मिसळावे लागते असे असते, आणि ते मिश्रण पावसाळाभर टाकीत तसेच राहिले तर पेट्रोलातील इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते व कार्बोरेटर चोंदतो. दसऱ्याच्या सुमारास दोरी ओढून ओढून खांदा भरून आल्यावर यंत्र एकदाचे भडकले, तर नवा पेच उभा राहतो. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा ही मावळातली जाणती झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतात व परवानगीविना तोडता येत नाहीत. उरते ती घाणेरी, आणि तिला कोयता पुरतो.

तो कोयता बंगल्याची राखण करणाऱ्या नाणे मावळातल्या मामांचा असतो, आणि ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद तापवून लोहाराने तो घडविलेला असतो. मामांची निवडीची पद्धत विश्वकर्म्याने कधी पाहिलेली नसते. कामशेतच्या बाजारात ते एक कुदळ दुसरीवर हलकेच आपटून नाद ऐकतात, बद्द वाजली तर खाली ठेवतात, आणि एक डोळा मिटून नेढ्यातून, म्हणजे दांडा बसविण्याच्या भोकातून, आरपार पाहतात. दांडा ते बाभळीचाच घेतात. उन्हाळ्यात तो सुकून हलू लागला की पाचर ठोकतात अथवा कुदळ रात्रभर पाण्यात घालतात. नव्या यंत्राविषयी मत विचारल्यास, “रंग लई भारी हाये, साहेब,” एवढेच ते बोलतात.

मामांच्या पारड्यात सगळेच वजन टाकणे मात्र अन्यायाचे होईल. बॅटरीचे ड्रिल ही विश्वकर्म्याची खरेदी नि:संशय उत्तम असून, गोठ्याचे पत्रे बसविण्यासाठी मामा ते सोमवार ते शुक्रवार नेमाने नेतात. शनिवारी बॅटरी उतरलेली आढळते, तेव्हा विश्वकर्मा कंपनीला खरमरीत पत्र लिहावयास बसतो.

हत्यारांची पूजा करण्याच्या खंडेनवमीच्या दिवशी हा सर्व परिवार खोक्यांबाहेर येतो. पाटावर मधोमध चेनसॉ, तिच्या दोहों बाजूंस ड्रिल व ग्राइंडर, पुढे आकारमानाप्रमाणे पटाश्या, आणि सर्वांवर झेंडू. मामांचा कोयता तेवढा पूजेला उशिरा पोहोचतो, कारण तोरणासाठी आंब्याचे डहाळे आणावयाचे असतात आणि बाकीच्या हत्यारांना तोवर हळदकुंकू लागून गेलेले असते.