एरर वाचा, फोल्डर उडवू नका

जँगोच्या प्रोजेक्टमध्ये ॲपचं नाव बदललं, मायग्रेट चालवलं आणि स्क्रीनवर एररची रांग लागली, की टीममधलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘मायग्रेशन्सचं फोल्डर उडव, नव्याने बनव, फेक मार आणि पुढे हो.’ हा सल्ला देणं आता बंद झालं पाहिजे. एरर आली म्हणून काम अडलं, हे खरं. पण काम अडलं म्हणूनच डेटा शाबूत राहिला, हेही तितकंच खरं आहे.

समजा, एका ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘बुक्स’ नावाचं ॲप आणि त्यात ‘टायटल’ हे मॉडेल. शेजारी ‘लोन्स’ ॲप, कुठलं पुस्तक कुणाकडे आहे ते सांभाळणारं. आता ‘बुक्स’चं ‘कॅटलॉग’ करायचं ठरलं. एडिटरमध्ये शोधून सगळीकडे नाव बदललं. कोडाचं काम आटोपलं, पण डेटाबेसला कुणी काही सांगितलंच नाही. तिथे जुनं नाव तीन जागी ठाण मांडून असतं. पहिली जागा टेबलांची नावं: ‘बुक्स_टायटल’ आणि मेनी-टू-मेनीची जोडटेबलं. दुसरी ‘जँगो_मायग्रेशन्स’ हे टेबल, ज्यात कुठल्या ॲपचं कुठलं मायग्रेशन केव्हा लागू झालं याची नोंद असते. तिसरी ‘जँगो_कॉन्टेन्ट_टाइप’, जिच्यावर सगळ्या परमिशन्स उभ्या असतात.

आता एरर नीट वाचा. ‘नोड नॉट फाउंड’ आली, तर कुठल्यातरी मायग्रेशनच्या डिपेंडन्सीत अजून ‘बुक्स’ लिहिलेलं आहे; फाइल उघडा, दुरुस्त करा. ‘इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी’ आली, तर ती याहून मोलाची. ‘लोन्स’चं पहिलं मायग्रेशन लागू झालंय, पण ते ज्यावर अवलंबून आहे ते ‘कॅटलॉग’चं पहिलं मायग्रेशन लागू झाल्याची नोंद नाही, असं जँगो तुम्हाला नावानिशी सांगतो आणि एकाही टेबलाला हात न लावता थांबतो. यापेक्षा स्पष्ट आणखी काय सांगायचं?

खरी भीती एरर न येण्याची आहे. ‘कॅटलॉग’वर दुसरं कुठलंच ॲप अवलंबून नसेल, तर मायग्रेट बिनतक्रार चालतं. जँगोच्या लेखी हे ॲप नवं कोरं; तो नवी रिकामी टेबलं बनवतो. साइट उघडते, पान दिसतं, पुस्तकं मात्र शून्य. जुना डेटा ‘बुक्स_टायटल’मध्ये तसाच पडून असतो. मग कुणीतरी ‘वापरात नसलेली टेबलं’ साफ करायला घेतं, आणि वर्षानुवर्षांची नोंदणी एका कमांडसरशी जाते.

फेकचंही तेच. फेक एकाही टेबलाला हात लावत नाही. मायग्रेशन झालं, एवढंच नोंदवतो. डेटाबेसची रचना त्या मायग्रेशननंतर असायला हवी तशी आधीच असेल, तेव्हाच ही नोंद खरी ठरते. एरवी ती खोटी नोंद आहे. चार महिन्यांनी कॉलम जोडायला बसलेल्या माणसाला ती भोवते, आणि त्या बिचाऱ्याला चूक कुठे झाली हेही कळत नाही.

मग करायचं काय? आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा. त्या प्रतीवर पूर्ण तालीम करा. मग ॲप थांबवून तीन कामं: प्रत्येक टेबलाचं नाव बदला, ‘जँगो_कॉन्टेन्ट_टाइप’मधलं ॲप लेबल बदला, ‘जँगो_मायग्रेशन्स’मधलं ॲपचं नाव बदला. हे सगळं मायग्रेट चालवण्याआधी, थेट एसक्यूएलने. इतिहासाची तपासणी मायग्रेटच्या सुरुवातीलाच होते, त्यामुळे ही दुरुस्ती मायग्रेशनमध्येच लिहून ठेवली तर तिची पाळी येण्याआधीच गाडी अडते. कॉन्टेन्ट टाइपचंही तसंच. आधी मायग्रेट चाललं तर जँगो ‘कॅटलॉग’च्या नव्या नोंदी आणि नव्या परमिशन्स तयार करतो, ग्रंथपालांच्या ग्रुपला दिलेले हक्क मात्र जुन्यांवरच राहतात. सुपरयूझरला सगळं दिसतं, म्हणून डेव्हलपरच्या लक्षात येत नाही. काउंटरवरच्या माणसाचा ॲक्सेस मात्र गेलेला असतो.

पोस्टग्रेस असेल तर तिन्ही कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसवा. मध्ये काही बिघडलं तर सगळं पूर्ववत होतं. मायएसक्यूएलमध्ये टेबलाचं नाव बदललं की तिथल्या तिथे कमिट होतं, त्यामुळे उलटी स्क्रिप्ट आधीच लिहून ठेवा. शेवटी ‘मेकमायग्रेशन्स’ चेकसह चालवा. बदल नाही, असं उत्तर आलं आणि टेबलांतल्या ओळींची आधीची नि नंतरची मोजणी जुळली, की काम झालं.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: नाव नेमकं कुणाला बदलून हवंय? ॲडमिनच्या पडद्यावर वेगळं नाव दिसायला हवं असेल, तर ॲप कॉन्फिगमधलं ‘व्हर्बोज नेम’ पुरतं. कोडातलं फोल्डर बदलायचं असेल, तर ‘नेम’ नवं द्या आणि ‘लेबल’ जुनंच ठेवा. टेबलं, इतिहास, परमिशन्स सगळं लेबलावर चालतं, त्यामुळे डेटाबेसला धक्काही लागत नाही. ही सोय जँगोत 1.7पासून, म्हणजे 2014पासून आहे. मायग्रेशन्सही त्याच आवृत्तीत जँगोच्या आत आली. त्याआधी लोक अँड्र्यू गॉडविन यांचं ‘साउथ’ वापरत. मॉडेलचं नाव बदललंत का, हे जँगो स्वतःहून विचारतो. ॲपचं नाव बदलायला मात्र त्याच्याकडे तयार ऑपरेशन नाही. ते काम माणसालाच समजून करावं लागतं.

म्हणून टीम लीडना सांगणं आहे. हे काम ‘नुसतं नाव तर बदलायचंय’ म्हणत शुक्रवारी संध्याकाळी नव्या मुलीच्या गळ्यात मारू नका. अंदाजपत्रकात त्याचे तास धरा, तालमीसाठी प्रत द्या, रिव्ह्यूला स्वतः बसा. टेबलातली प्रत्येक ओळ कुण्या वाचकाची, कुण्या पेशंटची, कुण्या विद्यार्थ्याची आहे. ती सांभाळायला वेळ नसेल, तर नाव जुनंच राहू द्या.