इंजिनरंगमीमांसा

टेबलावर धावणारे, कुणा हौशी माणसाने हाताने रंगवलेले वीतभर इंजिन आणि घाटात घाम गाळणारे शंभर टनी इंजिन, या दोहोंत मूळ कोणते आणि नक्कल कोणती? प्रश्न क्षुल्लक आहे हे प्रस्तुत लेखकाला मान्य आहे. किंबहुना तो पुरेसा क्षुल्लक आहे याची खातरजमा करूनच तो हाती घेतला आहे.

पूर्वपक्ष सोपा आहे. मोठे इंजिन आधी झाले, छोटे त्यावरून बेतले, सबब मोठे ते मूळ. जन्मक्रमावरून थोरपण ठरवणारा हा न्याय एकत्र कुटुंबात चालून गेला असेल. रंगाच्या बाबतीत तो टिकत नाही. आमचा सिद्धांत असा की, रंगापुरते तरी प्रमाण मानायचे ते छोट्या इंजिनाला. मोठे इंजिन ही त्याची बेफिकीरपणे केलेली आणि वर उन्हापावसात ठेवलेली नक्कल होय.

पहिला दाखला इंग्लंडातला. 3 जुलै 1938 रोजी ‘मॅलार्ड’ने ताशी 126 मैल वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम केला. तेव्हा त्याचा रंग गार्टर ब्लू आणि क्रमांक 4468. विक्रमाची स्मृतिपट्टी मात्र त्याच्या कुशीवर चढली 1948 साली, आणि तोवर क्रमांक बदललेला होता. आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘मॅलार्ड’ उभे आहे ते जुन्या निळ्या रंगात, जुन्या क्रमांकासह आणि नव्या पट्टीसकट. नोकरीत असताना या तिन्ही गोष्टी त्याच्या अंगावर एकत्र कधीच नव्हत्या. हौशी रंगारी विक्रमाच्या दिवसाचे मॉडेल करताना पट्टी गाळतो, आणि बघणारे त्यालाच सुनावतात, ‘चुकलास की! यॉर्कला जाऊन खरे इंजिन बघून ये.’

दुसरा दाखला अधिक गंभीर आहे. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचे इंजिन-अधीक्षक विल्यम स्ट्राउडली यांनी 1870च्या दशकात आपल्या इंजिनांना हळदीच्या अंगाने जाणारा पिवळा रंग दिला आणि त्याला ‘सुधारित इंजिन हिरवा’ म्हटले. त्यांना रंगांधळेपणा असावा, असा एक तर्क केला जातो. आमच्या मते त्याची गरज नाही. साहेबांनी हिरवा म्हटल्यावर कंपनीतला कोणता रंगारी त्याला पिवळा म्हणणार होता? 1882 सालचे ‘ग्लॅडस्टन’ आजही त्याच ‘हिरव्या’ रंगात जतन केलेले आहे. ज्याला कागदपत्रांवर भरवसा ठेवून मॉडेल रंगवायचे असेल, त्याने आधी नशिबावर भरवसा ठेवावा.

स्वित्झर्लंडची ‘मगर’ या टोपणनावाची घाटातली विद्युत इंजिने तर आधी तपकिरी होती, पुढे हिरवी झाली. परिणामी सच्चा संग्राहक दोन मगरी पाळतो. विंटरथूरच्या ज्या एसएलएम कारखान्यातून त्या निघाल्या, त्यानेच भोर घाटासाठी जीआयपी रेल्वेला 41पैकी 10 मालगाडी-इंजिने दिली. उरलेली इंग्लंडातल्या व्हल्कन फाउंड्रीने. घडण साधारण तीच, पण आपल्याकडे त्यांना ‘खेकडा’ म्हणू लागले. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी यात पडू नये.

आपल्याकडे रंगाचा घोळ खात्याच्याच पातळीवर चालतो. एकाच डब्ल्यूडीएम-3ए जातीची डिझेल इंजिने कल्याण, पुणे, गुत्ती, ईरोड अशा निरनिराळ्या शेडांत निरनिराळ्या रंगांची दिसत. आता विजेच्या इंजिनांवर जाहिरातींचे विनाइल चढते. त्यामुळे मॉडेल रंगवायला टाकताना इंजिनाचा नुसता क्रमांक सांगून भागत नाही, महिनाही सांगावा लागतो. मोठ्या इंजिनाला एक ठाम रंगच नाही. छोट्याला आहे, आणि एकदा वार्निश चढले की तो बदलत नाही.

हौशी माणसाची साधना पाहा. कारखान्याचा रंग आधी अल्कोहोलने उतरवायचा. मग प्रायमर. फिकट रंग आधी, गडद नंतर. मध्ये मास्किंग टेप, आणि टेप काढताना श्वास रोखलेला. वर चकचकीत थर, त्यावर पाण्यात भिजवून सरकवलेली अक्षरांची डिकॅल, शेवटी चमक घालवणारा मॅट थर. एचओ स्केलमध्ये सगळे 87 पटींनी लहान असते. तेव्हा रंग मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका जाड बसला, तरी हिशेबाने तो सव्वाचार मिलिमीटरांहून जाड होतो आणि रिव्हेट गाडले जातात. घराच्या भिंतींना इतक्या काळजीने रंग दिल्याचे एकही उदाहरण आमच्या पाहणीत नाही.

इथून शास्त्र गहन होते. तयार झालेले निष्कलंक इंजिन तो पुन्हा मळवतो: एअरब्रशने काजळी, पावडरीने गंज, ब्रशने तेलाचे ओघळ. दरम्यान कपाटातली खरी धूळ त्यावर बसली की फुंकून काढतो. अज्ञ माणूस याला वेड म्हणेल. वास्तविक यामागे शुद्ध गणित आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा खरा धूलिकण या इंजिनावर बसला, तर तो जवळजवळ पावणेनऊ मिलिमीटरांची खडी ठरतो. म्हणून खरी धूळ खोटी आणि खोटी धूळ खरी. अद्वैत वेदान्तात याहून अवघड फारसे काही नसावे.

पूर्वपक्षाचा शेवटचा आक्षेप रुळांचा. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरांचा. 87ने भागल्यास छोटा रूळ 19 मिलिमीटरांहून थोडा रुंद हवा. बाजारात मिळतो तो साडेसोळाचा, कारण तो 1435 मिलिमीटरांच्या परदेशी रुळांवरून बेतलेला आहे. म्हणजे इंजिन भारतीय आणि पाय युरोपी. आक्षेप खरा आहे, पण तो रुळावर आहे, रंगावर नाही. आणि आमचा सिद्धांत रंगापुरता आहे हे आरंभीच सांगून ठेवले आहे. अशा तरतुदी आरंभीच कराव्या लागतात.

आता घरचे प्रकरण. 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली ती सात-सात डब्यांच्या दोन रेकांनिशी. एक रुपेरी, तांबड्या किनारीचा. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. शब्द आहेत, पण तो निळा नेमका कोणता? कृष्णधवल छायाचित्रांचा आधार घ्यावा, तर त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती: तांबडे काळे उमटते आणि निळे फिके पडते. किनार काळी होती असे छायाचित्र पाहून शपथेवर सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, तरी चुकत असतो. खरे डबे गेले, रेघा गेल्या, 2022 साली एलएचबी डब्यांबरोबर आणखी नवाच रंग आला. त्या निळ्याचा निवाडा आता कुणीतरी टेबलावर, ट्यूबलाइटखाली, छोट्या डबीत दोन रंग ढवळूनच करणार आहे. तो मान्य करावा लागेल, कारण त्याला खोडून काढायला साक्षीदार उरलेला नाही.

तेव्हा वाचकांना विनंती. कुणाच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये किंवा रेल्वेत नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेत जीआयपी काळातल्या इंजिनाचा वा डब्याचा रंग लागलेला पत्र्याचा तुकडा असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो कृपया घासू नये.